शिवणवर्गात आधी कापड शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की आपल्या अंकात शिवणवर्गांच्या बातम्या यायला लागतात. कुठे बचतगट वर्ग भरवतो, कुठे एखादं मंडळ, निवडणुका जवळ आल्या असतील तर गल्लीतला इच्छुक उमेदवारही. शेवटी प्रमाणपत्रं हातात धरलेल्या मुलींचा फोटो. मला तो फोटो बघून बरंच वाटतं, कारण माझं घर याच धंद्यावर उभं राहिलं. सोलापूरच्या पूर्व भागात माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं लहानसं दुकान आहे, दुपारी चार मुली शिकायला बसतात. फोटोतल्या काही मुली पुढे माझ्यासारखीकडे काम मागायला येतात, म्हणून हे पत्र.

या मुलींना येत नाही असं नाही. कटोरी ब्लाउज येतं, प्रिन्सेस कट येतो, मुंढ्याचा आकार वहीत चोख काढलेला असतो. मग मी समोर एक तुकडा ठेवते आणि विचारते, हे कापड कुठलं? उत्तर येतं, “मटेरियल आहे काकू.” कसलं मटेरियल? “कॉटनसारखं आहे काहीतरी.” तीन महिन्यांचा वर्ग झालेला असतो, आणि ज्याच्यावर कात्री चालवायची त्याचीच ओळख करून दिलेली नसते.

याचं कारण सरळ आहे. वर्गात सगळा सराव पेपरवर होतो. संपादक महाराज, रागावू नका, पण आपल्या वर्तमानपत्राचा सोलापुरात वाचण्याखालोखाल उपयोग होत असेल तर तो ब्लाउजच्या ड्राफ्टिंगला. रद्दी स्वस्त पडते, चुकलं तर फेकून देता येतं, हे मला मान्य. पण पेपर आटत नाही, सैल पडत नाही, टेबलावरून घसरत नाही, त्याचे धागे सुटत नाहीत. तो उभा कापा, आडवा कापा, तिरका कापा, सारखाच वागतो. कापड तसं कधीच वागत नाही. म्हणून पेपरवर पैकीच्या पैकी मार्क मिळवलेली मुलगी जॉर्जेटचा पहिला तुकडा हातात आल्यावर रडकुंडीला येते.

दुकानातल्या नावांनी गोंधळ आणखी वाढतो. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत तासभर उभं राहिलं तर वीसेक नावं कानावर पडतात: कॉटन, पॉपलिन, साटीन, रेयॉन, क्रेप, मर्सराइज्ड, रुबिया. मुली ही सगळी एकाच रांगेत पाठ करतात. यातली काही नावं धाग्याची आहेत, काही विणीची आहेत, आणि काही कापड विणून झाल्यावर त्याच्यावर काय केलं त्याची. सूत, रेशीम, लोकर, पॉलिस्टर, रेयॉन हा झाला धागा. पॉपलिन, ट्विल, साटीन ही वीण. मर्सराइज्ड, सॅनफोराइज्ड ही नंतरची प्रक्रिया. पहिलीत सुताला कॉस्टिकमधून काढून चकाकी आणि ताकद देतात, दुसरीत कापड आधीच आटवून घेतात. हे एकदा डोक्यात बसलं की “साटीन कॉटन म्हणजे कसं काय?” असा प्रश्न पडत नाही. साटीन रेशमाचं असतं, पॉलिस्टरचं असतं, सुताचंही असतं. त्यात एक धागा चार-चार, कधी त्याहून जास्त धाग्यांवरून उडी मारून जातो, म्हणून ते चमकतं, आणि म्हणूनच बोथट सुई लागली की सर्रकन धागा ओढला जाऊन रेघ पडते. टाचणी टोचायची तर शिलाईच्या मार्जिनमध्ये. जॉर्जेटचंही तेच. धाग्याला भरपूर पीळ देऊन ते विणतात म्हणून हाताला बारीक खरखर लागते, मग तो धागा रेशमाचा असो की पॉलिस्टरचा. बाजारात मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरचंच.

ब्लाउजचं ‘टू बाय टू’ तर आमच्याकडे रोज येतं. साडीला मॅचिंग टू बाय टू द्या, असं बायका सवयीने मागतात. उभा धागाही दुपदरी आणि आडवाही दुपदरी, म्हणून टू बाय टू. म्हणूनच ते पातळ असूनही काखेत लवकर विरत नाही. एवढी एक ओळ सांगितली तर मुलगी गिऱ्हाइकाला सांगू शकते की बाई, थोडे पैसे वाचवायला साधी व्हॉइल घेऊ नका, अंगाला घट्ट बसणाऱ्या ब्लाउजला ती पुरणार नाही.

रेयॉनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच येतात. कुर्त्यांचं निम्मं कापड आता रेयॉन असतं आणि दुकानात ते “रेयॉन कॉटन” म्हणून खपतं. गिऱ्हाईक विचारतं, कॉटन आहे ना? दुकानदार म्हणतो, “कॉटनच आहे की ओ ताई, हात लावून बघा.” हात लावून कळतच नाही, हीच तर गंमत आहे. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात. मुळात तेही झाडाचंच असल्यामुळे ते सुतासारखं मऊ, गार लागतं, मुठीत दाबलं की चुरगळतं, आणि जाळलं तर सुतासारखंच कागदाच्या वासाने जळतं. म्हणजे शिवणाच्या पुस्तकातल्या दोन्ही परीक्षा त्याने पास केल्या. मी मुलींना तिसरी शिकवते. कापडाचा एक धागा काढायचा, मधोमध जिभेने ओला करायचा आणि दोन्ही टोकं धरून ओढायचा. रेयॉन असेल तर ओल्या जागीच पटकन तुटतो. सूत ओलं झाल्यावर उलट घट्ट होतं, ते दुसरीकडे कुठेतरी कोरड्या जागी तुटतं. ओलं रेयॉन जवळजवळ निम्मी ताकद गमावून बसतं. म्हणून ते पिळायचं नाही, धोपटायचं तर अजिबात नाही. हे शिवणारीला माहीत असेल तरच ती नेसणारीला सांगेल.

रेयॉन वाईट असं मी म्हणत नाही. सोलापूरच्या उन्हात अंगाला ते पॉलिस्टरपेक्षा कितीतरी बरं, आणि घेर तर इतका सुंदर पडतो की कळीदार कुर्त्याला दुसरं कापड घ्यावंसं वाटत नाही. फक्त त्याची वागणूक माहीत हवी. आधी भिजवून घ्यायचं, कापताना टेबलावर जुनी सुती चादर अंथरायची म्हणजे घसरत नाही, आणि उरेब, म्हणजे तिरका, कापलेला घेर शिवून झाला की रात्रभर टांगून ठेवायचा. सकाळी बघावं तर घेर एकीकडे दोन बोटं लोंबलेला असतो. तो सारखा करून मगच दुमड घालायची. घाईत आदल्या दिवशीच दुमडलं की गिऱ्हाईक आठवड्यात परत येतं आणि म्हणतं, कुर्ता वाकडा शिवलाय.

जाळून बघण्याची परीक्षा शिकवायलाच हवी, पण नीट. मुली व्हिडिओ बघून कापडाचा कोपराच काडीवर धरतात. तसं करू नका. दोन-चार धागे चिमट्यात धरायचे, खाली स्टीलची ताटली, जवळ पाणी. सूत भुरुभुरु जळतं आणि मऊ करडी राख उरते. रेशमाला आणि लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की ती आपोआप विझतात, राख काळी पण बोटाने चुरा होणारी. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं, आणि शेवटी कडक काळा मणी राहतो जो बोटाने फुटत नाही. तो वितळलेला थेंब हातावर पडला तर कातडी सोलून निघते, म्हणून ताटली. मिश्र कापडात दोन्ही खुणा एकदम दिसतात, राखही आणि मणीही.

आता उभ्या-आडव्याचं. पॅटर्नवर बाण काढायला सगळ्या वर्गांत शिकवतात. तो बाण कशासाठी, हे मात्र प्रमाणपत्र घेऊन आलेल्यांपैकी फार थोड्या जणी सांगू शकतात. अहो, सोलापूरच्या पूर्व भागात ताणा (उभा धागा) आणि बाणा (आडवा धागा) शाळेत जायच्या आधी कळतो. घरात नाही तर शेजारी माग असतो. मागावर ताणा ताणून धरलेला असतो आणि बाणा त्याच्यात वर-खाली होत जातो. म्हणून तयार कापड उभं ओढलं तर फारसं ताणत नाही, आडवं थोडं देतं, आणि तिरकं, म्हणजे उरेब, ओढलं तर सर्वांत जास्त. गळ्याची पट्टी उरेब का कापायची आणि कंबरपट्टा उभाच का, हे दोन्ही यातूनच येतं, वेगळं पाठ करायला नको. किनार नेहमी ताण्याला समांतर असते. पण कटपीसला किनार नसली तर? तेव्हा मुली गप्प बसतात. दोन्ही दिशांनी ओढून बघायचं, कमी देतो तो ताणा. पॉपलिनमध्ये तर डोळ्यांनाही कळतं, कारण त्यात उभे धागे आडव्यांपेक्षा पुष्कळ दाट असतात. धुतल्यावर सलवारीची शिवण पायाभोवती फिरत पुढे येते ना, ती शिलाईची चूक नसते, कापड ताण्याला धरून न कापल्याची असते.

पन्ह्याचं, म्हणजे कापडाच्या रुंदीचं, एका ओळीत सांगते: छत्तीस, चव्वेचाळीस आणि अठ्ठावन्न इंच हे नेहमीचे पन्हे, आणि पन्हा न विचारता मीटर सांगणारी शिंपीण पैसे वाया घालवते.

कापड भिजवून घेण्याचा मात्र जितका कंटाळा केला जातो तितका दुसऱ्या कशाचाच नाही. मागावर आणि नंतर कारखान्यात धागे ओढलेल्या अवस्थेत असतात, पाणी लागलं की ते मूळच्या जागी सैलावतात, आणि आपण म्हणतो कापड आटलं. साधं सुती कापड शेकडा पाच आटणं यात नवल काहीच नाही. अडीच मीटरच्या तुकड्यातून साडेबारा सेंटिमीटर गेले, म्हणजे जवळजवळ पाच इंच. माप घेताना आपण पाव इंचासाठी टेप दोनदा लावतो आणि हे पाच इंच विसरतो! त्याहून घोटाळा होतो तो अस्तराचा. काठाच्या रेशमी ब्लाउजला सुती अस्तर न भिजवता लावलं की पहिल्याच धुण्यात अस्तर आत ओढलं जातं आणि वरचं रेशीम सुरकुत्या पडून उभं राहतं. रेशीम भिजवायची गरज नाही, त्याला ते सोसतही नाही. अस्तर मात्र भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. लग्नसराईत कोणी ऐकत नाही, ते सोडा.

खळीचीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. विणताना ताण्याला खळ लावतात, नाहीतर धागे तुटतील. नंतर ती धुऊन काढायची असते. काही ठिकाणी ती काढत नाहीत, वर आणखी भरतात, म्हणजे विरळ कापड हाताला जड आणि दाट लागतं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा आली की आमच्याकडे बाराबंदीची, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्याची, घाई असते. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत शेकडो भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत चालतात, आणि ती शिवण्याचं काम आम्हा लहान दुकानांकडे डिसेंबरपासूनच येतं. पांढरं कापड घेऊन लोक येतात तेव्हा मी पहिल्यांदा त्याचा कोपरा दोन्ही तळव्यांत चोळते. पांढरी भुकटी झडली की समजावं, दोन धुण्यांत याची जाळी होणार. मग मी त्यांना परत पाठवते, राग आला तरी. बाराबंदीला बंद असतात बारा. ते नेहमी ताण्याच्या दिशेने कापायचे, उरेब किंवा आडवे कापले की गाठ मारता मारता लांबत जातात. एका पोशाखात कापडाची एवढी परीक्षा होते, आणि तो सोलापूरचा आपला पोशाख आहे. एकाही शिवणवर्गात तो शिकवताना मी पाहिला नाही.

आणि गणवेश. सोलापुरात तयार कपड्यांचे, विशेषतः शाळेच्या गणवेशांचे पुष्कळ कारखाने आहेत, इथल्या बायकांना खरी नोकरी मिळते ती तिथे. गणवेशाचं कापड बहुतेक पॉलिस्टर मिश्र. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरून ठेवतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत ही दोन कापडं अंगावर कशी वाटत असतील, ते वेगळं सांगायला नको. तरी सगळाच सुती गणवेश करा असं मी म्हणणार नाही. ज्या घरात पोराला एकच गणवेश आहे तिथे रात्री धुऊन सकाळी वाळलेला मिळावा लागतो, इस्त्रीवर कोळसा किंवा वीज घालवायची नसते, आणि दोन वर्षं रंग टिकायला हवा. तिथे पॉलिस्टरने गरिबाचं काम केलंय. पण शर्ट तरी सुताचा भाग जास्त असलेला घ्या, एवढं पालकांना सांगणारी शिंपीण असावी. आणि सांगण्यासाठी तिला किनारीवर किंवा ताक्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं ६७ टक्के आणि ३३ टक्के म्हणजे त्यात पॉलिस्टर किती आणि सूत किती ते वाचता आलं पाहिजे.

मला सर्वांत जास्त आश्चर्य याचं वाटतं की हे सगळं शिकवायला सोलापूरसारखी दुसरी जागा नाही. १८७० च्या दशकात इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरण्या गेल्या, पण माग गेले नाहीत. सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे आपल्या देशात सोलापूरबाहेरच्या मालाला हे नाव लावून विकता येत नाही. यातला एक टॉवेल वर्गात आणला तर अर्धा तास शिकवता येतं. मुलींना मी त्याचा एक फासा बोटाने ओढायला लावते. तो सुळकन बाहेर येतो. मग सांगते, की टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, एकाचा ताणा घट्ट आणि दुसऱ्याचा सैल, सैल धाग्याचे फासे होतात आणि तेच पाणी पितात. म्हणून टॉवेलचं कापड कापलं की कडेने फासे गळतात, आणि बाळाचा अंगरखा शिवायचा तर आधी कड बंद करावी लागते. चादर उलटून दाखवली की वरच्या बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल, खाली पांढऱ्या जमिनीवर लाल. मागावर नक्षी पाडणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं असतात, कुठला उभा धागा कधी वर उचलायचा हे ती भोकं ठरवतात. आजकाल तरुण पोरी या चादरीची जॅकेटं आणि पिशव्या शिवून मागतात. चौदा नंबरची सुई त्यात मोडते, सोळा किंवा अठरा घालावी लागते, आणि कापल्याबरोबर ओव्हरलॉक केलं नाही तर कड उसवत जाते.

तर माझं मागणं एवढंच आहे. वर्ग भरवणाऱ्यांनी पहिले आठ-दहा दिवस मशीन झाकून ठेवावं. त्या दिवसांत मुलींनी फक्त कापड बघावं, चुरगाळावं, भिजवावं, धागा काढून जाळावा. प्रत्येकीने नमुन्यांची वही करावी: तीन इंचांचे दोन चौकोन, एक कोरा आणि एक धुतलेला, शेजारी धागा, वीण, पन्हा, भाव, कुठली सुई चालली, किती आटलं. राख चिकटवता येत नाही, पण वास लिहिता येतो. एक दिवस मुलींना एखाद्या मागाच्या शेडमध्ये न्यावं. नाही म्हणणारा मालक मला अजून भेटलेला नाही, फक्त ओढण्या घट्ट बांधून जावं, मागात अडकतात. गिरणीत जॉबर (मुकादम) म्हणून राबलेली म्हातारी माणसं अजून आपल्या शहरात आहेत, कापड बोटांत धरून सुताचा नंबर, म्हणजे ते किती बारीक आहे ते, सांगणारी. त्यांना मानधन देऊन बोलवा. प्रमाणपत्र वाटायला पाहुणे येतात, त्यांच्या हारतुऱ्यांच्या खर्चात हे बसतं.

कापडदुकानदारांनाही एक विनंती. रेशमावर सिल्क मार्क मिळतो, हातमागावर हँडलूम मार्क मिळतो. सुट्या कापडाच्या बिलावर मात्र “ड्रेस मटेरियल” एवढंच लिहून येतं. त्यापुढे कॉटन, रेयॉन, पॉलिस्टर यापैकी जे असेल ते एका शब्दात लिहा. गिऱ्हाईक कमी होणार नाही, उलट तक्रार घेऊन परत येणारं कमी होईल. शिंप्यांवर येणारा आळही कमी होईल, हे मी स्वार्थाने लिहिते.

कोणी असा वर्ग सुरू करणार असेल तर माझ्याकडे नमुन्यांसाठी तुकड्यांची पोती भरून पडली आहेत, रुबियापासून डेनिमपर्यंत. ती न्यावीत, पैसे नकोत. वह्या मात्र मुलींनी आपल्या आणाव्यात, जाड पुठ्ठ्याच्या, दोनशे पानी. शंभर पानी पुरत नाही.

आपली,
शिवणकाम शिकवणारी एक वाचक
सोलापूर